कानबानची कार्डे लावली, साठा मात्र हलेना: उत्तर टोयोटाच्या इतिहासात आहे

प्रश्न थोडक्यात असा. चाकणला प्रेस शॉप आहे, म्हणजे प्रेसवर पत्रा दाबून वाहन कंपन्यांसाठी ब्रॅकेट (भाग जागेवर धरणारे आधार) बनवणारा कारखाना. दोन वर्षांपूर्वी तिथे कानबानची (लागेल तेवढाच माल मागवायची) कार्डे छापली, अँडॉनचे (अडचण आली की मदत बोलावणारे) दिवे बसवले, फाइव्ह एसचे (जागा नीटनेटकी ठेवण्याच्या पद्धतीचे) फलक लावले. तरी स्टोअरमधला माल कमी झाला नाही, महिनाअखेरची पळापळही थांबली नाही. मग टोयोटाला हे जमते कसे? जपानी माणसाचा स्वभावच तसा, की आणखी काही? आणि याच पद्धतीच्या जोरावर ती कंपनी जगात पहिली झाली, हे खरे का?

स्वभावाचा मुद्दा आधी बाजूला ठेवू. १९५० साली एप्रिल ते जून टोयोटात कडवा संप चालू होता, दीड हजारांहून जास्त माणसांना घरी जावे लागले आणि संस्थापक किइचिरो टोयोडा यांनी त्याची जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. आज ज्याला आपण टोयोटा पद्धत म्हणतो ती या पडझडीतून उभी राहिली. ती पैशाच्या टंचाईवरचे उत्तर होती. तुमच्याकडे कार्डे आली, पण ज्या अडचणींवर ती कार्डे उपाय होती त्या अडचणींना कोणी हात लावलेला नाही. म्हणून साठा जागचा हलत नाही.

सुरुवात मोटारीपासून होत नाही, मागापासून होते. साकिची टोयोडा (जन्म १८६७) हे सुताराचे पोर. १८९० च्या सुमारास त्यांनी लाकडी हातमाग सुधारला, पुढे यंत्रमाग केला आणि १९२४ मध्ये ‘जी’ प्रकारचा स्वयंचलित माग तयार झाला. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीकडच्या वाचकाला यातली मेख लगेच कळेल. चालत्या मागात धोट्यातली कांडी संपली की माग न थांबवता नवा धोटा आपोआप आत येई. आणि ताण्यातला एखादा धागा तुटला तर माग स्वतःहून थांबे. त्याची रचना साधी होती. प्रत्येक उभा धागा एका पातळ धातूच्या पट्टीला तोलून धरतो. धागा तुटला की पट्टी खाली पडते आणि तिच्या पडण्याने माग बंद होतो. त्यामुळे विणकराला मागावर डोळे लावून बसावे लागत नाही, एक माणूस तीसहून अधिक माग सांभाळू शकतो आणि मुख्य म्हणजे तुटलेल्या धाग्याचे कापड पुढे विणले जात नाही. ‘चूक झाली की यंत्राने स्वतः थांबावे’ या तत्त्वाला टोयोटात ‘जिदोका’ म्हणतात. तुमच्या अँडॉनच्या दिव्याची आजी ही पट्टी आहे.

१९२९ मध्ये इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सने या मागाचे हक्क घेतले. व्यवहार एक लाख पौंडांना ठरला. साकिचींचा मुलगा किइचिरो टोकियोत यांत्रिक अभियांत्रिकी शिकलेला होता. त्याने १९३३ मध्ये माग कंपनीतच मोटार विभाग उघडला. १९३५ मध्ये ‘जी१’ ट्रक आला, १९३६ मध्ये ‘एए’ मोटार, आणि २८ ऑगस्ट १९३७ रोजी टोयोटा मोटर कंपनी स्वतंत्र झाली. पहिले ट्रक वाटेत बंद पडत, मागच्या ॲक्सलचे आवरण तडकत असे. पण १९३६ च्या कायद्याने मोटारनिर्मितीचा परवाना जपानी मालकीच्या कंपन्यांपुरता ठेवला. तोवर जपानी बाजारावर राज्य करणाऱ्या फोर्ड आणि जनरल मोटर्सना पुढच्या दोन-तीन वर्षांत गाशा गुंडाळावा लागला. टोयोटाच्या यशात सरकारी संरक्षणाचा वाटा मोठा आहे. नुसत्या शिस्तीच्या गोष्टी सांगणारे लोक हा भाग गाळतात, तो गाळू नये.

आता १९४९. युद्धानंतरची महागाई रोखायला अमेरिकी सल्लागार जोसेफ डॉज यांनी पतपुरवठा आवळला. टोयोटाचे ट्रक हप्त्यांवर जात होते, ते हप्ते तुंबले आणि आवारात न विकलेल्या गाड्या उभ्या राहिल्या. शेवटी बँक ऑफ जपानच्या नागोया शाखेने पुढाकार घेऊन बँकांचा गट जमवला आणि कर्ज दिले, पण अटींवर. विक्रीची कंपनी वेगळी करा, माणसे कमी करा, आणि विक्री कंपनीला खपवता येतील तेवढ्याच गाड्या बनवा. शेवटची अट नीट वाचा. ‘पुढचा मागेल तेवढेच बनवायचे’ हे तत्त्व एखाद्या तत्त्वज्ञाच्या डोक्यातून उतरलेले नाही, ते बँकेच्या कागदावर होते. ‘जस्ट इन टाइम’ हा शब्द किइचिरोंनी १९३८ च्या सुमारास कोरोमो कारखान्यात वापरला होता खरा, पण त्याला धार आली ती पैसे संपल्यावर.

जून १९५० मध्ये कोरियाचे युद्ध पेटले आणि अमेरिकी सैन्याच्या ट्रकच्या ऑर्डरी आल्या. किइचिरोंच्या जागी माग कंपनीतून ताइझो इशिदा आले होते. त्यांनी उत्पादन वाढवले, पण कमी केलेली माणसे परत भरली नाहीत. त्याच वर्षी किइचिरोंचे चुलतभाऊ एइजी टोयोडा फोर्डचा रूज कारखाना पाहून आले. तिथे दिवसाला सात हजारांच्या आसपास गाड्या निघत होत्या, टोयोटाला तेवढ्यासाठी कित्येक महिने लागले असते. फोर्ड एका डायवर (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यावर) महिनोन्‌महिने एकच भाग ठोकत बसू शकत होता. टोयोटाला त्याच प्रेसवर दिवसात चार प्रकारचे भाग काढायचे होते, आणि जास्तीचा माल ठेवायला ना जागा होती ना भांडवल. हीच अडचण आज तुमची आहे. म्हणून तुम्ही फोर्डपेक्षा १९५० च्या टोयोटाच्या जास्त जवळ आहात.

ही अडचण ज्यांच्या गळ्यात पडली ते ताइइची ओनो. ते सूतगिरणीतून मोटार कंपनीत आले होते, आणि एका माणसाने अनेक माग सांभाळणे त्यांना नवे नव्हते. यंत्रशाळेत त्यांनी एका कामगाराकडे आधी दोन, मग तीन-चार यंत्रे दिली आणि यंत्रे नालाच्या आकारात मांडली. जुन्या कारागिरांनी याला जोरदार विरोध केला. त्यानंतर १९५३ च्या सुमारास अमेरिकी सुपरमार्केटच्या धर्तीवरची पद्धत आली. गिऱ्हाईक फळीवरून उचलेल तेवढेच दुकानदार मागून भरतो. त्यासाठी जो निरोप पाठवायचा तो कार्डावर लिहिला. कानबान म्हणजे मराठीत सरळ ‘पाटी’. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ही पाटी कंपनीभर झाली आणि १९६५ पासून बाहेरच्या पुरवठादारांकडे गेली. घरात दहा वर्षे मुरल्यावर ती बाहेर पडली, आपल्याकडे सल्लागार ती तीन महिन्यांत व्हेंडरच्या गळ्यात बांधतात.

आता तुमच्या कार्डांकडे येऊ. मालाच्या प्रत्येक बिनला (पेटीला) एक कार्ड असते, आणि किती कार्डे असावीत याचे गणित साधे आहे. तासाची मागणी गुणिले कार्ड सुटल्यापासून भरलेला बिन परत येईपर्यंतचे तास, त्यात थोडा सुरक्षेचा वाटा, आणि त्याला बिनमधल्या नगांनी भागायचे. समजा एका ब्रॅकेटची मागणी दोन शिफ्टच्या १६ तासांत ९६० नग, म्हणजे तासाला ६०. बिनमध्ये २० नग. कार्ड उचलायला १ तास, प्रेसवर नंबर लागून माल निघायला साडेतीन तास, वाहतुकीला दीड तास, मिळून ६ तास. ६० गुणिले ६ म्हणजे ३६०, त्यावर दहा टक्के धरून ३९६, भागिले २०, म्हणजे २० कार्डे. व्यवस्थेत एकूण ४०० नगांपेक्षा जास्त माल असूच शकत नाही.

पण तुमच्या प्रेसवर डाय बदलायला तीन तास जात असतील तर कोणीही शहाणा सुपरवायझर डाय एकदा चढवली की अर्ध्या दिवसाचा माल काढल्याशिवाय उतरवणार नाही. मग बाकीची कार्डे रांगेत अडकतात आणि सहा तासांचे चौदा तास होतात. ६० गुणिले १४ म्हणजे ८४०, दहा टक्के धरून ९२४, भागिले २०: ४७ कार्डे, ९४० नग. जवळजवळ पूर्ण दिवसाचा साठा. म्हणजे कार्डाने साठा कमी होत नाही. तुमच्या सेटिंगच्या, म्हणजे डाय बदलण्याच्या, वेळेला जेवढा साठा लागतो तेवढा कार्ड फक्त मोजून दाखवते. सेटिंग न सुधारता कार्डे कमी केली की दुसऱ्याच दिवशी ग्राहकाची लाइन थांबते, दंड बसतो, आणि मग कोणीतरी गुपचूप चार जास्तीची कार्डे छापून आणतो. शॉप फ्लोअरवर कार्डांच्या झेरॉक्स सापडल्या तर कामगाराला दोष देऊ नका, गणितात कुठला तास लपला आहे तो शोधा. चाकणच्या बाबतीत तो बहुधा वाहतुकीत लपलेला असतो. तळेगाव-चाकण रस्त्याचा वेळ सरासरीने धरू नका, रोजच्या कोंडीतला वाईट वेळ धरा.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे एका प्रेसला दोन मालक. भिंतीवर कानबानचा बोर्ड असतो आणि सकाळी प्लॅनिंगमधून संगणकाने काढलेली उत्पादनाची यादीही येते. ऑपरेटर यादी बघतो, कारण साहेब यादी विचारतो. ज्या भागांना कानबान लावला त्यांचे रोजचे शेड्यूल बंद झालेच पाहिजे. महिन्याचा अंदाज फक्त पत्रा मागवायला आणि माणसे ठरवायला वापरा.

डाय बदलण्याचे टोयोटात काय झाले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९६९ मध्ये तिथल्या हजार टनी प्रेसची सेटिंग चार तास घेत होती. जपानी औद्योगिक अभियंते शिगेओ शिंगो यांच्या मार्गदर्शनाखाली सहा महिन्यांत ती दीड तासावर आली, आणि पुढच्या तीन महिन्यांत तीन मिनिटांवर. यात नवा प्रेस नव्हता. काम दोन ढिगांत वाटले: प्रेस थांबल्याशिवाय जे करताच येत नाही ते, आणि प्रेस चालू असताना आधीच उरकता येते ते. तुमच्याकडे स्टॉपवॉच घेऊन एक सेटिंग बघा, मोबाइलवर चित्रीकरण करा. प्रेस थांबल्यावर डाय आणायला फोर्कलिफ्ट शोधणे, पाना शोधणे, बोल्ट शोधणे, यातच मोठा वेळ जातो. पुढची डाय ट्रॉलीवर प्रेसशेजारी आधीच उभी हवी, तिचे बोल्ट आणि पाने त्याच ट्रॉलीवर. सगळ्या डायची बंद उंची (प्रेस पूर्ण खाली आल्यावरची उंची) सारखी करा, ठोकळे लावून का होईना, म्हणजे स्लाइड (प्रेसचा वरचा हलता भाग) वरखाली करावी लागत नाही. क्लॅम्पची जाडी सारखी ठेवा. बोल्टला पूर्ण आटे फिरवायची गरज नसते, पकड शेवटच्या एका आट्यातच असते. इंग्रजी यू आकाराचे वॉशर वापरले की नट न काढता अर्धा फेरा सैल करून काम होते. दोन माणसे पुढून-मागून एकदम काम करू दे, कारण एकट्याचा अर्धा वेळ प्रेसला वळसा घालण्यात जातो. सगळ्यात चिवट भाग शेवटी येतो. डाय चढली, नग निघाला, आणि तो क्वालिटीच्या खोलीत पास होईपर्यंत प्रेस पाऊण तास गप्प. हा वेळ सेटिंगमध्ये मोजलाच जात नाही. पहिला नग तपासायचे साधे गेज प्रेसवरच ठेवा.

याच शिंगो यांचे दुसरे एक उदाहरण बारकाईने बघण्यासारखे आहे. १९६१ मध्ये एका कारखान्यात छोट्या स्विचमध्ये दोन स्प्रिंग बसवायच्या असत, आणि कधीकधी कामगार एक विसरत असे. रागावून उपयोग होत नव्हता. मग काम असे बदलले: आधी डब्यातून दोन स्प्रिंग काढून एका लहान बशीत ठेवायच्या, मग बसवायच्या. बशीत एक उरली तर विसरलो हे तिथेच कळते. हाच पोका-योके, म्हणजे चूक होऊच न देणारी युक्ती. यात ना सेन्सर ना खर्च. आपल्याकडे पोका-योके म्हटले की लोक सेन्सरचे कोटेशन मागवतात, आधी बशी शोधावी.

महिनाअखेरच्या पळापळीचे मूळ मात्र तुमच्या कारखान्यापेक्षा ग्राहकाच्या दारात जास्त आहे. टोयोटा अंतिम जुळणी समतल करते, त्याला ‘हेइजुंका’ म्हणतात. ‘अ’ गाडीच्या ४८०, ‘ब’ आणि ‘क’च्या प्रत्येकी २४० गाड्या लागणार असतील तर सकाळी सगळ्या ‘अ’ काढत नाहीत. अ-ब-अ-क, अ-ब-अ-क असा क्रम दिवसभर चालतो. त्यामुळे ‘ब’चा ब्रॅकेट दिवसभर एकसारखा ओढला जातो. हे केल्याशिवाय व्हेंडरला कानबान लावणे म्हणजे आपली लाट त्याच्या अंगावर ढकलणे. महिन्याचे पहिले वीस दिवस निवांत आणि शेवटचे दहा दिवस ट्रकची रांग, असे शेड्यूल असेल तर तुमची कार्डे कितीही नीट असोत, साठा लागणारच. तो फक्त ग्राहकाच्या स्टोअरमधून उठून तुमच्या स्टोअरमध्ये, तुमच्या व्याजावर बसतो. हे ग्राहकाशी बोलूनच सुटते.

अँडॉनबद्दल सर्वांत मोठा गैरसमज असा की दोरी ओढली की लाइन तिथल्या तिथे थांबते. टोयोटाच्या जुळणी लाइनवर दोरी ओढल्यावर दिवा लागतो, सूर वाजतो आणि गटप्रमुख धावत येतो. लाइन त्या ठिकाणाच्या ठरलेल्या रेषेपर्यंत चालतच राहते. तोवर अडचण सुटली तर दोरी पुन्हा ओढून दिवा घालवतात, नाही सुटली तरच लाइन थांबते. याचा अर्थ अँडॉन म्हणजे दिवा नव्हे. अँडॉन म्हणजे पाच-सहा कामगारांमागे एक हातमोकळा गटप्रमुख, जो सेकंदांत पोचतो. तुमच्याकडे पंचवीस माणसांमागे एक सुपरवायझर आणि तोही डिस्पॅचच्या फोनवर असेल, तर दिवा लावून कोण येणार? दोन-चारदा कोणी आले नाही की कामगार दिवा लावणे सोडतो, आणि ते बरोबरच आहे.

जपानी स्वभावाच्या प्रश्नाचे ठोस उत्तर कॅलिफोर्नियात मिळाले. फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना गैरहजेरी, भांडणे आणि खराब गाड्यांसाठी बदनाम होता. तो १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जीएमने तो न्यूमी या नावाने भागीदारीत पुन्हा सुरू केला, तीच युनियन आणि बहुतांशी तेच कामगार घेऊन. त्यांच्या गटप्रमुखांना शिकायला जपानमधल्या ताकाओका कारखान्यात पाठवले. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांचा दर्जा जपानी कारखान्याच्या जवळ पोचला. माणसे तीच, व्यवस्था वेगळी. जीएमने पुढे आपल्या इतर प्लांटमध्येही दोऱ्या बसवल्या, पण ओढणाऱ्याला झापले जाई आणि त्या लोंबकळत राहिल्या. न्यूमी २०१० मध्ये बंद झाला आणि ती जागा टेस्लाकडे गेली.

पुरवठादारांशी टोयोटाचे नाते हा असाच दुर्लक्षित भाग. डेन्सो ही १९४९ मध्ये टोयोटातूनच वेगळी झालेली कंपनी. पुरवठादाराला मॉडेलच्या पूर्ण आयुष्याचे काम मिळते, दर ठरावीक काळाने खाली आणावेच लागतात, पण ते कसे आणायचे हे शिकवायला टोयोटाची माणसे त्याच्या शॉपमध्ये येऊन उभी राहतात. याची परीक्षा १ फेब्रुवारी १९९७ ला पहाटे झाली. जपानमधल्या कारिया इथल्या आइसिन या पुरवठादाराच्या कारखान्याला आग लागली. तिथे ब्रेकच्या दाबाचे पुढच्या-मागच्या चाकांत वाटप करणारी मुठीएवढी व्हॉल्व्ह बनत, आणि टोयोटाची जवळपास सगळी गरज तोच एक कारखाना भागवत होता. हाताशी साठा काही तासांचा. दोन-तीन दिवसांत टोयोटाचे जपानमधले जवळपास सगळे प्लांट थांबले. आइसिनने ड्रॉइंग खुली केली आणि साठहून अधिक कंपन्यांनी आपापल्या यंत्रांवर व्हॉल्व्ह बनवायला घेतली. त्यात ब्रदर ही शिलाई मशीनची कंपनीसुद्धा होती. पैसे किती मिळणार हे आधी कोणी ठरवले नाही. आठवडाभरात लाइनी पुन्हा चालू झाल्या. मात्र एका भागासाठी एकच कारखाना ठेवणे ही टोयोटाचीच चूक होती, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे.

साठा शून्य असावा असे टोयोटा म्हणते, हाही समज चुकीचा. मार्च २०११ च्या भूकंपात रेनेसास या जपानी कंपनीचा चिपचा कारखाना बंद पडला. चिप पुन्हा बनायला महिने लागतात हे कळल्यावर टोयोटाने पुरवठादारांना काही महिन्यांचा चिपचा साठा ठेवायला सांगितला आणि खालच्या थरातल्या पुरवठादारांचीही नोंद केली. म्हणून २०२१ च्या चिपटंचाईत तिला फटका इतरांपेक्षा उशिरा बसला, आणि त्या वर्षी अमेरिकी विक्रीत तिने जीएमला मागे टाकले. नियम सरळ आहे: परत भरायला जितका वेळ, तितका साठा. ब्रॅकेटला तास, चिपला महिने. संगणकाची बाजू मात्र नाजूक ठरली. ऑगस्ट २०२३ मध्ये भागांच्या ऑर्डर हाताळणाऱ्या सर्व्हरची डिस्क भरली आणि त्यापायी जपानमधले चौदाही जुळणी प्लांट ठप्प झाले.

बाजारातला प्रवास थोडक्यात. १९५७ मध्ये अमेरिकेला पाठवलेली क्राउन तिथल्या महामार्गांवर तापत असे, ती मागे घ्यावी लागली. १९६६ ची करोला खऱ्या अर्थाने चालली. १९७३ च्या तेलसंकटाने लहान गाड्यांना दार उघडले, १९८९ मध्ये लेक्सस आली. १९९७ च्या अखेरीस आलेल्या प्रिअसबद्दल एक तांत्रिक गोष्ट सांगायलाच हवी. तिच्यात नेहमीचा गिअरबॉक्स नाही, ग्रहचक्री गिअरचा एकच संच आहे. मधल्या गिअरला जनरेटर, ग्रहगिअर धरणाऱ्या कॅरिअरला इंजिन, बाहेरच्या कड्याला मोटर आणि चाके. दात ३० आणि ७८, म्हणून इंजिनाच्या पिळापैकी ७२ टक्के चाकांकडे आणि २८ टक्के जनरेटरकडे जातो, कायम. क्लच नाही, बेल्ट नाही, झिजायला फारसे काही नाही. टॅक्सीवाल्यांना ही गाडी मानवली ती यामुळे. बॅटरी गाड्यांमध्ये मात्र टोयोटा टेस्ला आणि चिनी बीवायडीच्या मागे राहिली, आणि चीनच्या बाजारात ते तिला जाणवते आहे.

२००८ मध्ये तिने जीएमला मागे टाकून विक्रीत पहिला क्रमांक घेतला, आणि लगेच २००९-१० ची परतबोलावणी आली. रबरी मॅट ॲक्सिलरेटरखाली अडकणे आणि पेडल सावकाश परत येणे, असे दोन वेगळे दोष होते. एकाच नमुन्याचे पेडल अनेक मॉडेलांत असल्याने आकडा लाखांत गेला. फेब्रुवारी २०१० मध्ये कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष अकिओ टोयोडा यांनी अमेरिकी काँग्रेससमोर मान्य केले की माणसे आणि संघटना तयार होण्याच्या वेगापेक्षा वाढीचा वेग जास्त झाला. २०१४ मध्ये, दोषांबाबत ग्राहकांची दिशाभूल केल्याच्या प्रकरणात, कंपनीने १.२ अब्ज डॉलर भरले. त्यानंतर २०२० पासून ती पुन्हा पहिली, २०२३ मध्ये समूहाची विक्री १ कोटी १२ लाखांवर. पण त्याच वर्षीच्या डिसेंबरात टोयोटाच्याच मालकीच्या दाइहात्सूच्या सुरक्षा चाचण्यांतले १७४ गैरप्रकार उघड झाले, आणि जानेवारी २०२४ मध्ये टोयोटा इंडस्ट्रीजच्या डिझेल इंजिनांच्या चाचण्यांतले. टोयोटा इंडस्ट्रीज म्हणजे तीच मूळची माग कंपनी. ज्या घरात धागा तुटताच माग थांबवायची पद्धत जन्मली, तिथे विकासाच्या वेळापत्रकाच्या दाबाखाली दोरी कोणी ओढली नाही. याची झळ आपल्यापर्यंत आली: इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्सची रवानगी भारतात काही दिवस थांबली होती.

माणसांची किंमतही लपवू नये. २००२ मध्ये त्सुत्सुमी प्लांटमधला एक तरुण पर्यवेक्षक कामावरच कोसळून गेला. २००७ मध्ये नागोया न्यायालयाने तो अतिश्रमाचा बळी ठरवला आणि गुणवत्ता मंडळाचे (कामगारांच्या दर्जासुधारणेच्या गटाचे) ‘स्वेच्छेचे’ तासही कामाचेच धरले. पुढच्या वर्षी कंपनीने त्या तासांचा मोबदला द्यायला सुरुवात केली. टोयोटाच्या भारतातल्या बिडदीच्या प्लांटमध्ये नोव्हेंबर २०२० पासून कित्येक महिने कामगारांशी वाद पेटला होता, त्यातही कामाच्या बोजाची तक्रार होती. कायझेनच्या (सतत थोडी थोडी सुधारणा करण्याच्या) बैठका शिफ्टनंतर फुकट घ्यायच्या असतील तर त्या घेऊ नका.

भारतात टोयोटा किर्लोस्करांच्या जोडीने आली, आणि इथेही आधी मागच आला. १९९५ मध्ये किर्लोस्कर टोयोडा टेक्स्टाइल मशिनरी, मग १९९७ मध्ये मोटारींची कंपनी, बंगळूरजवळ बिडदीला. २००० मध्ये क्वालिस, २००५ मध्ये इनोव्हा. आता सुझुकीशी गाड्यांची देवाणघेवाण आहे: ग्लांझा म्हणजे बलेनो, तर ग्रँड विटारा बिडदीत बनते. जुलै २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरला सुमारे वीस हजार कोटींच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार झाला. मराठवाड्यातल्या आणि पुण्यातल्या प्रेस शॉपना ही पद्धत यापुढे ग्राहकाच्या अटीत लिहून येईल, म्हणून ती आत्ताच नीट समजून घेणे गरजेचे आहे.

तुमच्या शॉपमध्ये सुरुवात अशी करा. सगळी कार्डे गोळा करू नका. एक प्रेस, एक ग्राहक आणि सतत चालणारे तीन-चार ब्रॅकेट निवडा. दोन आठवडे प्रत्येक सेटिंगचा वेळ शेवटच्या चांगल्या नगापासून पुढच्या पास झालेल्या नगापर्यंत मोजा. आधी सेटिंग निम्म्यावर आणा, मगच वरच्या गणिताने कार्डे ठरवा. त्या भागांचे रोजचे शेड्यूल बंद करा. बिनमध्ये ठरलेलेच नग, कमी नाहीत, जास्त नाहीत. महिनाभर नीट चालले की एका भागाचे एक कार्ड काढा आणि ते सुपरवायझरच्या टेबलामागच्या खिळ्याला तारीख लिहून टांगा. पंधरा दिवस अडले नाही तर दुसरे काढा. अडले तर कार्ड परत द्या, पण देताना त्याच्या मागे लिहा काय अडले: डायची धार गेली, पत्रा उशिरा आला, फोर्कलिफ्ट बंद होती. पुढच्या महिन्यात दुरुस्तीचे काम त्या खिळ्यावरच्या कार्डांच्या मागचे वाचून ठरवा.